पाणी भरलेला ट्रे आणि दोन फीडचा क्वाड

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओच्या, टू मीटर बँडवर, म्हणजे 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, शेजारी राहूनही एकमेकांना जेमतेम ऐकू येणाऱ्या दोन वस्त्या आहेत. एका वस्तीत एफएमवाले: गाडीतून बोलणारे, हातातल्या छोट्या सेटवरचे, सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या डोंगरावरच्या रिपीटरमार्फत गप्पा मारणारे. यांचे अँटेना उभे, कारण गाडीच्या टपावर काठी उभीच राहते. दुसऱ्या वस्तीत सिंगल साइडबँड (कमी शक्तीत दूर पोचणारी बोलण्याची पद्धत) आणि मोर्सवाले, दूरवरच्या क्षीण सिग्नलच्या मागे लागलेले. यांचे अँटेना आडवे. उभ्या अँटेनातून निघालेली लहर आडव्या अँटेनाला नीट पकडता येत नाही. कागदावरच्या हिशेबात तर काहीच पोचायला नको. प्रत्यक्षात भिंती, डोंगर, तारा यांच्यावर आपटून लहर थोडी तिरकी होते, त्यामुळे ती पोचते. पण साधारण 20 डीबी गमावून. 20 डीबी म्हणजे शंभर पट. तुम्ही 50 वॉट सोडा, समोरच्याला ते अर्ध्या वॉटसारखे ऐकू येतात.

लहरीच्या विद्युत क्षेत्राची दिशा आडवी की उभी, याला पाठ्यपुस्तकात ध्रुवीकरण म्हणतात आणि हॅम मंडळी पोलरायझेशन म्हणतात. मी इथे आडवी लहर आणि उभी लहर एवढंच म्हणेन. पुण्यात ज्यांनी गच्चीवर चढून दूरदर्शनचा अँटेना सिंहगडाकडे फिरवला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर त्याच्या काड्या असतील: सगळ्या जमिनीला समांतर, कारण तिथून येणारी लहर आडवी होती. तोच यागी अँटेना 90 अंशांत फिरवून काड्या उभ्या केल्या असत्या, तर पडद्यावर मुंग्याच दिसल्या असत्या.

मग दोन्ही वस्त्यांत वावरायचं तर दोन अँटेना लावायचे का? अनेक जण तेच करतात. पण छोटी गच्ची, एकच खांब आणि शेजाऱ्यांची मर्यादित सहनशीलता असेल, तर एक सुंदर उपाय आहे. क्वाड नावाचा चौकोनी तारेचा अँटेना घ्यायचा आणि त्याच एका चौकटीला दोन ठिकाणी केबल जोडायची. अशा जोडणीलाच फीड म्हणतात. एक केबल आडवी लहर देते, दुसरी उभी. खाली खोलीत एक स्विच असतो. तार तीच, जागा तीच, दिशाही तीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे पटलं नव्हतं. एकाच तारेला दोन केबल लावल्या तर त्या एकमेकींची ताकद खाणार नाहीत का? त्या का खात नाहीत हे कळलं आणि मग बांधणी, जुळणी, संगणकावरचं मॉडेल हे सगळं त्या एका कारणातून उलगडत गेलं.

आधी क्वाड कुठून आला ते पाहू, कारण त्याच्या जन्मकथेत त्याचा स्वभाव दिसतो. इक्वेडोरमधलं किटो शहर समुद्रसपाटीपासून 2800 मीटरहून उंच आहे. तिथल्या एचसीजेबी या शॉर्टवेव्ह प्रसारण केंद्राने मोठ्या ताकदीचा यागी अँटेना उभारला. यागीच्या प्रत्येक काडीच्या टोकाला व्होल्टेज सर्वांत जास्त असतं आणि उंचीवरच्या विरळ हवेत ठिणगी सहज पडते. काड्यांची टोकं रात्री जळताना दिसत आणि ॲल्युमिनियम वितळून गळत असे. तिथल्या क्लॅरन्स मूर या अभियंत्याने 1942 च्या सुमारास वेगळा विचार केला: तारेला टोकच ठेवायचं नाही. एका तरंगलांबीएवढी तार घेऊन तिचा बंद चौकोन करायचा. त्यातही व्होल्टेज चढतंच, पण टोकदार शेवट नसल्यामुळे ठिणगीला वाट मिळत नाही. हाच क्युबिकल क्वाड. पुढे हौशी रेडिओवाल्यांनी तो जगभर नेला. बांबूच्या काठ्या आणि तांब्याची तार एवढ्यावर तो उभा राहतो, हे त्यामागचं मोठं कारण.

आता स्वयंपाकघरात चला. वड्या थापायचा चौकोनी ट्रे घ्या, त्यात निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि ओट्यावर ठेवून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. योग्य लय सापडली की पाणी स्वतःहून हिंदकळायला लागतं. आता नीट बघा. डाव्या आणि उजव्या भिंतीपाशी पाण्याची पातळी खूप वर-खाली होते, पण तिथे पाणी वाहत नाही. भिंतीला टेकून नुसतं चढतं आणि उतरतं. तुमच्या समोरच्या आणि पलीकडच्या काठाच्या मध्यावर बरोबर उलट असतं. तिथे पातळी जवळजवळ हलत नाही, पण पाणी सर्वांत जोरात इकडून तिकडे वाहतं. बारीक चिरलेल्या कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या पाण्यात टाका, लगेच दिसेल: मध्यावरच्या काड्या सपासप इकडे-तिकडे जातात, भिंतीजवळच्या जागच्या जागी वर-खाली होतात.

पातळीच्या जागी व्होल्टेज ठेवा आणि वाहण्याच्या जागी करंट. तारेच्या चौकोनात हेच घडतं. खालच्या बाजूच्या मध्यावर केबल जोडली, तर खालच्या आणि वरच्या बाजूच्या मध्यावर करंट सर्वांत जास्त असतो, दोन्हीकडे एकाच दिशेने, आडवा. म्हणून लहर आडवी निघते. डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्यावर करंट शून्य आणि व्होल्टेज शिगेला. केबल बाजूच्या मध्यावर जोडली, तर सगळं चित्र पाव फेरा फिरतं आणि लहर उभी निघते.

पुन्हा ट्रेकडे या. डावी-उजवीकडे हिंदकळत असतानाच त्याला मागे-पुढेही हलवा. पाणी दोन्ही हालचाली एकाच वेळी करतं आणि एक हालचाल दुसरीला अडवत नाही, कारण जिथे एकीचा प्रवाह आहे तिथे दुसरीचा प्रवाह शून्य आहे. आडव्या लहरीची केबल जिथे जोडतो ती जागा उभ्या लहरीसाठी निवांत असते आणि उभीची जागा आडवीसाठी निवांत असते. तारेला तिथे छेद दिला काय किंवा तो जोडून टाकला काय, दुसऱ्या लहरीला फरक पडत नाही, कारण तिचा करंट तिथे वाहतच नव्हता. दोन फीडचा क्वाड चालतो तो या निवांत जागांमुळे. बांधताना आणि जुळवताना सगळी धडपड ही जागा निवांत राहावी यासाठीच.

ट्रेने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. ट्रे चौरस नसून आयताकृती असेल, तर दोन हालचालींची लय वेगवेगळी होते. क्वाडची चौकट एका अंगाने दबली, तर दोन फीडची जुळणी तशीच वेगळी पडते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्या भिंतीपाशी पाणी खूप चढतं, तिथे ट्रेला एक नळी जोडा. वाहण्याच्या दृष्टीने ती जागा निवांत आहे, तरीही प्रत्येक वेळी पातळी चढली की पाणी नळीत घुसेल. त्या नळीच्या जागी आपली केबल आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

मापांचं म्हणाल तर ती सोपी आहेत. हॅम मंडळींचं जुनं सूत्र असं: फीड दिलेल्या लूपचा, म्हणजे चौकटीच्या तारेचा, घेर मीटरमध्ये हवा असेल, तर 306 ला मेगाहर्ट्झने भागा. त्यामागे उभी राहून लहर पुढे परतवणाऱ्या दुसऱ्या चौकटीसाठी, म्हणजे रिफ्लेक्टरसाठी, 314 ला भागा. 145 मेगाहर्ट्झसाठी पहिला घेर 2.11 मीटर येतो, दुसरा 2.165 मीटर. बाजू झाल्या 52.8 आणि 54.1 सेंटीमीटर. दोघांमधलं अंतर 35 ते 40 सेंटीमीटर ठेवायचं. या दोन चौकटींचा क्वाड मोकळ्या अवकाशात साधारण 7 डीबीआय गेन (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत एका दिशेला मिळणारी वाढ) देतो, म्हणजे तेवढ्याच काड्यांच्या यागीपेक्षा जेमतेम एक डीबी जास्त. क्वाड यागीला फार मागे टाकतो असं जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतं, पण गणित तसं सांगत नाही. क्वाड बांधायचं खरं कारण गेन नाही. एका चौकटीत दोन लहरी सहज बसतात, हे आहे.

सूत्र ही सुरुवात आहे, शेवटचा शब्द नव्हे. सूत्र मूळचं बारीक, उघड्या तारेसाठीचं आहे. घराच्या वायरिंगची पीव्हीसी आवरणाची वायर वापरली, तर आवरणामुळे लहर तारेवरून किंचित हळू जाते आणि लूप दोन-तीन टक्के छोटा करावा लागतो. जाड तार वापरली तर उलट, लूप थोडा मोठा लागतो. साध्या डायपोलमध्ये, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या सरळ काडीत, जाड काडी लहान करावी लागते, त्यामुळे यागीवरून क्वाडकडे येणारे इथे हमखास चुकतात. मी मोटर वायंडिंगवाल्याकडून 10 गेजची तांब्याची तार आणली. ती 3.25 मिलिमीटर जाड असते, हाताने वाकते आणि वाकवलेली तशीच राहते. कापताना नेहमी दोन-तीन सेंटीमीटर जास्त ठेवा. जास्तीची तार कापता येते, कमी पडलेली वाढवताना सांधा येतो.

चौकट चौकोनासारखी सपाट, म्हणजे एक बाजू जमिनीला समांतर, ठेवावी की पतंगासारखी कोपऱ्यावर उभी करावी? विजेच्या दृष्टीने दोन्ही चालतात. दोन फीडसाठी मी पतंग निवडतो आणि तसाच सल्ला देतो. सपाट चौकोनात फीडची जागा बाजूच्या मध्यावर येते, म्हणजे तारेच्या अशा ठिकाणी जिथे खाली कसलाच आधार नाही. केबलच्या वजनाने तार झोळ खाते. पतंगात फीड कोपऱ्यावर येतं आणि कोपरा आधाराच्या काठीच्या टोकावरच असतो. खालच्या कोपऱ्यावरून आडवी लहर, बाजूच्या कोपऱ्यावरून उभी. केबल काठीला बांधून आत बूमपर्यंत, म्हणजे दोन चौकटींना जोडणाऱ्या मधल्या दांड्यापर्यंत, नेता येते. काठीची लांबी मध्यापासून पुढच्या चौकटीसाठी 37.3 सेंटीमीटर, मागच्या चौकटीसाठी 38.3.

काठ्यांसाठी वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप चालतो, पण तो उन्हात मऊ पडून वाकतो. आत बांबूची कामटी सरकवली की प्रश्न मिटतो. नुसता वाळलेला बांबूही उत्तम, फक्त वॉर्निश लावायचं आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा लावायचं. काळ्या पाइपबाबत मात्र सावध राहा. त्यात कार्बन मिसळलेला असू शकतो आणि तो लहर शोषतो. पाइपचा तुकडा पेलाभर पाण्याशेजारी मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ ठेवून बघा. तुकडा चटका देण्याइतका तापला, तर तो अँटेनासाठी नको.

खांबाचाही विचार आधीच करा. लोखंडी खांब उभा असतो, म्हणून आडव्या लहरीला तो दिसत नाही, पण उभ्या लहरीला मधोमध उभ्या असलेल्या आणखी एका काडीसारखा दिसतो. दोन चौकटींच्या मधून लोखंडी पाइप नेला की उभ्या लहरीचा पुढचा-मागचा फरक, म्हणजे पुढून आणि मागून ऐकू येण्यातला फरक, बिघडतो. बूम रिफ्लेक्टरच्या मागे हातभर वाढवून खांब तिथे जोडा, किंवा वरचा दीड-दोन मीटरचा भाग बांबूचा ठेवा.

एकट्या लूपचा प्रतिरोध 120 ओहमच्या आसपास असतो. मागे रिफ्लेक्टर आला की तो अंतरानुसार बदलतो, पण साधारण शंभराच्या वरच राहतो. आपली केबल 50 ओहमची. मधला दुवा म्हणून 75 ओहमच्या केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा चपखल बसतो. 75 चा वर्ग भागिले 120 केलं की जवळपास 47 येतात. आणि 75 ओहमची आरजी-6 केबल प्रत्येक केबल टीव्हीवाल्याकडे असते. इथे एक फसवी जागा आहे. पाव तरंगलांबी हवेत 51.7 सेंटीमीटर आहे, पण केबलच्या आत लहर हळू चालते. फोमची आरजी-6 असेल तर हे माप साधारण 42 सेंटीमीटर होतं, घट्ट पॉलिथिनची केबल असेल तर 34. केबलवर छापलेलं नाव सारखं असलं, तरी आतला फोम बघितल्याशिवाय कापू नका. आरजी-6 ची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही. टीव्हीचे स्क्रूचे कनेक्टर वापरले की काम होतं. दोन्ही फीडसाठी असे दोन तुकडे लागतात, दोन्ही सारख्याच लांबीचे.

आता नळीकडे, म्हणजे केबलकडे. माझा पहिला क्वाड इथेच फसला. बाजूच्या कोपऱ्यावरून निघालेली केबल मी सरळ खाली सोडली, खांबाला बांधली आणि खुशीत वर चढवली. उभ्या लहरीचा रिपीटर छान आला. आडव्याकडे स्विच केलं तर दिशाच हरवली: अँटेना कुठेही फिरवला तरी सिग्नल जवळपास तसाच. दोन दिवस मी तारेची मापं पुन्हा पुन्हा तपासत बसलो. मापं बरोबरच होती. गडबड अशी होती की आडव्या लहरीसाठी बाजूचा कोपरा म्हणजे ट्रेची ती भिंत, जिथे पातळी शिगेला जाते. तिथे केबलच्या जाळीची बाहेरची बाजू जोडलेली होती. व्होल्टेज त्या जाळीच्या बाहेरून खाली उतरलं आणि संपूर्ण केबल अँटेनाचाच भाग होऊन बसली. केबलच्या आतून जाणारा सिग्नल आणि जाळीच्या बाहेरून वाहणारा हा चोरटा करंट, दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. म्हणून एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप, ठीक दिसतो आणि अँटेना मात्र भरकटलेला असतो.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. प्रत्येक फीडच्या अगदी तोंडाशी केबलवर फेराइटचे मणी चढवायचे, या बँडला शोभणाऱ्या जातीचे, चार-पाच लागोपाठ. आणि केबल बूमपाशी पोचते तिथे पुन्हा तेवढेच. फेराइट आतल्या सिग्नलला हात लावत नाही, फक्त बाहेरून वाहणाऱ्या करंटला अडवतं. दुसरा उपाय वाटेचा. केबल कोपऱ्यावरून काठीला धरून सरळ मध्यापर्यंत, तिथून बूमवरून मागे, रिफ्लेक्टर ओलांडून पार मागे, आणि मगच खांबावरून खाली. बूमची दिशा आडव्या लहरीलाही काटकोनात असते आणि उभ्या लहरीलाही, त्यामुळे त्या वाटेवर केबलला दोघींपैकी कोणीच ओढत नाही. हे दोन्ही केलं आणि त्याच संध्याकाळी माझा हरवलेला पुढचा-मागचा फरक परत आला.

हे सगळं तार कापण्याआधी बघता येतं का? येतं, आणि मॉडेल हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत एनईसी नावाचा संगणकीय हिशेब तयार झाला; त्याची दुसरी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली आहे. 4एनईसी2, ईझेडएनईसी, लिनक्सवरचं एक्सएनईसी2सी हे प्रोग्राम त्याच हिशेबावर चालतात. ईझेडएनईसी पूर्वी विकत घ्यावं लागायचं, 2022 पासून तेही मोफत आहे. जपानी हॅमने सुरू केलेलं एमएमएएनए याच जातीचं, थोड्या वेगळ्या हिशेबावरचं.

हिशेबाची कल्पना अशी. प्रत्येक तारेचे छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यातला करंट माहीत नाही, पण एका तुकड्यातल्या करंटचा बाकीच्या प्रत्येक तुकड्यावर काय परिणाम होतो, हे भौतिकशास्त्र सांगतं. आपल्या दोन चौकटींच्या आठ बाजू, प्रत्येक बाजूचे 11 तुकडे, म्हणजे 88 अज्ञातं आणि 88 समीकरणं. शाळेत दोन अज्ञातांची समीकरणं सोडवली, तीच ही, फक्त 88. संगणक ती डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडवतो आणि कुठल्या तुकड्यात किती करंट, कुठल्या दिशेला किती ताकद (याची आकृती काढून), फीडला किती ओहम, हे समोर मांडतो.

तुकडे किती करायचे, याला शिस्त आहे. एक तुकडा तरंगलांबीच्या विसाव्या भागापेक्षा मोठा नको आणि तारेच्या जाडीपेक्षा बराच लांब हवा. आपला 4.8 सेंटीमीटरचा तुकडा दोन्हींत बसतो. एनईसीमध्ये फीड तुकड्याच्या मध्यावर बसतं, कोपऱ्यावर नाही. म्हणून सपाट चौकोनात बाजूचे तुकडे विषम संख्येत घ्यायचे, म्हणजे मधला तुकडा बरोबर मध्यावर येतो. पतंगात फीडचा कोपरा किंचित छाटायचा आणि तिथे शेजारच्या तुकड्याएवढीच एक छोटी तार घालून तिच्यावर फीड ठेवायचं. मॉडेल झालं की सरासरी गेनची चाचणी नक्की चालवा. तारेत काही नुकसान धरलं नाही, तर सगळ्या दिशांचा मिळून हिशेब 1 यायला हवा. त्यापासून लांब गेला, तर बाकीच्या सुंदर आकृत्यांवर विश्वास ठेवू नका.

मग हा प्रयोग करा, मी प्रत्येक नवख्याला करायला लावतो. खालच्या कोपऱ्यावर फीड द्या. बाजूच्या कोपऱ्यावर आधी जोडलेली तार ठेवा, मग तिथे खूप मोठा प्रतिरोध घालून ती तुटल्यासारखी करा, मग 50 ओहम घाला. तिन्ही वेळा गेन, आकृती, ओहम जवळजवळ तेच येतात. ट्रेमधली निवांत जागा आकड्यांत दिसते ती अशी. त्यानंतर बाजूच्या कोपऱ्याच्या एका टोकापासून मध्यापर्यंत आणि तिथून खाली दोन मीटर अशी एक साधी तार जोडा. ही तार म्हणजे केबलच्या जाळीची बाहेरची बाजू. आता करंटचं चित्र काढा. त्या तारेवर करंट चढलेला दिसेल आणि सुबक आकृती एका बाजूला कललेली दिसेल. मी गच्चीवर दोन दिवस घालवून जे शिकलो, ते इथे दहा मिनिटांत दिसतं. तारेच्या तोंडाशी मोठा प्रतिरोध घाला, म्हणजे फेराइट चढवा, आणि आकृती सरळ होताना बघा.

मॉडेलकडून मिलिमीटरची अपेक्षा मात्र करू नका. तारेचं आवरण, स्क्रू, कनेक्टरमधली इंचभर उघडी तार त्याला माहीत नसते. कुठली बाजू वाढवली तर काय बदलतं, ते मॉडेलला विचारायचं. किती वाढवायची, ते गच्चीवरच ठरतं. आणि कोणी गेनचा मोठा आकडा सांगितला तर तो मोकळ्या अवकाशातला की जमिनीवरचा, हे विचारा. जमिनीवरून परतलेली लहर मिसळली की त्याच अँटेनाचा आकडा 6 डीबीपर्यंत फुगतो.

जुळणीसाठी नॅनोव्हीएनए नावाचं, अँटेना केबलशी किती जुळला ते मोजणारं, खिशात मावणारं यंत्र आज परवडतं आणि घ्यावंच. मोजण्याआधी त्याला उघडं, जोडलेलं आणि 50 ओहमचं अशी तिन्ही टोकं दाखवून शिकवायचं, तेही लांब केबलच्या शेवटाला. खोलीतून लांब केबलमधून मोजलं तर केबलचं नुकसान खराब अँटेनालाही चांगला भासवतं. 20 मीटर आरजी-58 मध्ये या बँडला निम्म्याहून जास्त शक्ती विरते, म्हणून तिथे जाड केबल लावा.

मोजताना अँटेना आकाशाकडे तोंड करून लाकडी स्टुलावर ठेवा, रिफ्लेक्टर खाली. आधी रिफ्लेक्टरचं माप मॉडेलवरून ठरवून बंद करून टाका. जुन्या क्वाडमध्ये रिफ्लेक्टरच्या खालच्या कोपऱ्यावर जुळणीसाठी तारेची शेपटी ठेवायचे. दोन फीडमध्ये ती नको: खालच्या कोपऱ्यावरची शेपटी फक्त आडव्या लहरीला जुळवते, उभ्या लहरीचा करंट तिथे नसतोच, म्हणून तिला ती शेपटी कळतही नाही. मग पुढच्या लूपचा घेर बघा. 145 जवळ, घेरात एक सेंटीमीटर कमी केला की जुळणीची जागा सुमारे 0.7 मेगाहर्ट्झ वर सरकते. अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरने कापा आणि जेवढं एका बाजूने कापाल तेवढंच चारही बाजूंनी कमी करा, नाहीतर चौकट वाकडी होते. बँडभर एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की थांबा. दीडला परत फिरणारी शक्ती 4 टक्के असते, दोनला 11. त्याहून कमी करण्यात घालवलेली दुपार ऐकण्यात घालवा.

शेवटची मोजणी सर्वांत बोलकी. यंत्राचं पहिलं तोंड खालच्या फीडला जोडा, दुसरं बाजूच्या फीडला. एका फीडमधून सोडलेलं दुसऱ्या फीडमध्ये किती गळतं, ते दिसतं. 20 डीबी खाली असेल तर निवांत जागा खरोखर निवांत आहे. दहाच्या आसपास असेल तर कुठेतरी समतोल बिघडला आहे: केबल, खांब, वाकलेली काठी, जवळची लोखंडी टाकी. काठी बोटाने दाबून बघा, आकडा हलतो. माझ्या पहिल्या बांधणीत तो दहालाही पोचत नव्हता; मी हे आधी मोजलं असतं तर वर चढवायची वेळ आली नसती. जुळणी चालू असताना अँटेनाला हात लागणार असेल, तर सेटवरून ट्रान्समिट करू नका, आणि गच्चीजवळून विजेची लाइन जात असेल तर खांब तिच्यापासून पडूनही लागणार नाही इतका दूर ठेवा. ट्रान्समिट करायला हौशी रेडिओचा परवाना हवाच.

दोन्ही फीड एकदम वापरले तर? एकाच्या केबलमध्ये पाव तरंगलांबीचा उशीर घातला की लहर आडवी-उभी न राहता पुढे जाताना मळसूत्रासारखी फिरते. लूपचे दोन्ही फीड शंभर-एकशेवीस ओहमचे असल्यामुळे ते समांतर जोडले की आपोआप 50-60 होतात, ही छान सोय आहे. फक्त उशिराची केबल 93 ओहमची, आरजी-62 सारखी, घ्यावी लागते. एका फीडच्या दोन तारा उलट्या जोडल्या की फिरण्याची दिशा उलटते. अशी फिरती लहर उभ्या आणि आडव्या दोघांनाही ऐकू येते, पण दोघांकडेही 3 डीबी, म्हणजे अर्धी.

मला मात्र स्विचच आवडतो, आणि त्याचं कारण आकाशात आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण 400 किलोमीटरवरून जातं आणि त्याचा आवाज 145.800 मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. त्याच्या अँटेनाचा आपल्याला दिसणारा कोन सतत बदलतो आणि वाटेतलं आयनमंडलही लहर वळवतं, त्यामुळे लहर कधी उभी येते, कधी तिरकी, कधी आडवी. एका जातीच्या अँटेनावर सिग्नल मधेच खोल बुडतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की स्थानक गेलं. स्थानक क्षितिजावर आलं की मी बूम डाव्या हातात धरतो, स्विच उजव्या अंगठ्याखाली. आडव्यावर आवाज खरखरीत विरायला लागतो, अंगठा दाबतो, उभ्यावर तोच आवाज स्वच्छ समोर येतो. मिनिटाभराने पुन्हा उलट. नऊ-दहा मिनिटांच्या त्या फेरीत अंगठा सात-आठ वेळा हलतो आणि पूर्वेच्या इमारतींमागे सिग्नल जाईपर्यंत एकही वाक्य हातचं सुटत नाही.